पाकिटावरचं नाव, पाकिटातला प्रश्न

तुम्ही अकरा वर्षांच्या मुलीचा प्रश्न फोडलात. नाही म्हणू नका. 'मुलांची माहिती आमच्याकडे सुरक्षित' असं शाळेच्या प्रत्येक टॅबवर तुमच्याच कंपनीनं झळकवलं होतं.

साल २०४४. वाशीमच्या कृतिका वानखडेनं शाळेच्या टॅबवर विचारलं, 'फिट येणाऱ्या मुलीला खो-खो खेळता येतो का?' डॉक्टरांनी तिला परवानगी दिलीच होती, तिला फक्त खात्री करायची होती. तिसऱ्या दिवशी संघाच्या यादीतून तिचं नाव गायब! तिनं तर कुणालाच सांगितलं नव्हतं. मग कळलं कसं?

"तूच सांगितलंस टॅबला, आणि टॅबवाल्यांनी शाळेला," शकूआत्या म्हणाली. आत्या संगणकशास्त्रज्ञ. काहीही लक्षात न ठेवणारं 'मुकाट' नावाचं शोधयंत्र ती बनवत होती.

"प्रश्नासोबत दोन गोष्टी जातात. कोण विचारतंय आणि काय विचारतंय. दोन्ही एकाच्या हाती पडल्या, की तुझ्या नावाची वही उघडलीच समज."

"मग गं?"

"हात दोन करायचे! प्रश्न कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारा) करून पाकिटात बंद. पहिलं यंत्र मध्यस्थ (नुसता निरोप नेणारं). त्याला पाकिटावरचं नाव दिसतं, आतलं नाही. ते नाव झाकून पाकीट पुढे देतं. दुसरं यंत्र पाकीट उघडतं, उत्तर शोधतं, पण विचारणारा कोण, त्याला पत्ताच नाही. उत्तरही बंद पाकिटातून परत."

"आणि दोघं एक झाले तर?"

"शाब्बास! म्हणूनच एक यंत्र आमच्याकडे, दुसरं वाचनालयांच्या संघाकडे. कर चाचणी."

कृतिकानं फोनवर टाइप केलं. चाचणीपुरता दुसऱ्या यंत्राचा पडदा उघडा होता. त्यावर उमटलं : 'कृतिका वानखडे, सहावी ब, हजेरी क्रमांक १७. फिट येणाऱ्या...'

"अगं शहाणे! आत नाव कशाला लिहिलंस?"

"वर नाव-वर्ग लिहायचाच असतो ना? नाहीतर बाई मार्क कापतात."

आत्या हसता हसता थांबली. "एवढी आमची डोकी, पण हे कुणाला सुचलं नाही बघ!"

आठ दिवसांत मुकाटमध्ये नवी सोय आली. पाकीट बंद व्हायच्या आधी फोन स्वतःच आतला मजकूर तपासतो. नाव, शाळा दिसली की विचारतो, 'हे खोडू का?' आणि ही तपासणी फोनच्या बाहेर जातच नाही. कृतिका घरभर उड्या मारत होती.

तेवढ्यात तुमचा माणूस दारात हजर. "पाच वर्षांचा निधी देतो, मॅडम. फक्त प्रश्नांची एक प्रत आम्हाला. नावांसकट."

"चहा झालाय ना तुमचा?" आत्या म्हणाली. "मग निघा."

निधी आला, पण वाचनालयांकडून. दोनशे गावांनी थोडा थोडा वाटा उचलला, आणि अट एकच : कुणाचंही नाव साठवायचं नाही. आता दोनशे गावांतली मुलं बिनधास्त विचारतील. पाळीबद्दल, आजाराबद्दल, भीतीबद्दल.

राहिला कृतिकाचा सामना. तो सोमवारी आहे. तिनं तुम्हाला पत्र लिहिलं. फोननं विचारलं, 'नाव खोडू का?' तिनं 'नको' दाबलं.

'कृतिका वानखडे, सहावी ब, हजेरी क्रमांक १७. डॉक्टर हो म्हणतात. मग माझं नाव कुणी काढलं? माझा प्रश्न शाळेला कुणी दिला? सोमवारच्या आत लेखी उत्तर द्या.'