लंगडा चार

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ही माझ्या सख्ख्या मावशीची गोष्ट आहे, आणि मावशी अजून ठणठणीत आहे.

भुतं रात्रीच येतात असं मानणाऱ्यांना आधीच सांगतो... हे भर दुपारी घडलं. रविवारी, एका बंद कारखान्यात.

मावशी तिथे धातूचे भाग तपासते. भाग यंत्रात अडकवायचा आणि तुटेपर्यंत वाकवत राहायचा. धातूही थकतो. तोच लहानसा ताण पुन्हा पुन्हा बसला की कुठेतरी केसाएवढी भेग पडते, हळूहळू पुढे सरकते, आणि एक दिवस खेळ खलास.

मावशीचा स्वभाव मुळातच संशयी. लग्नात काकांनी घातलेली अंगठी तिने दुसऱ्याच दिवशी भिंगाखाली धरली, असं घरात अजून चिडवतात. ती नाकारत नाही.

त्या आठवड्यात तिचा संशय एका दांड्यावर होता. बसचं स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवतो, तो दांडा. आजवर तो तापवलेलं पोलाद साच्यात ठोकून घडवायचे. त्यात पोलादाचे तंतू दांड्याच्या बाकाबरोबर वळतात आणि आतला कोपरा गोलसर येतो. पण साचा झिजला आणि नवा यायला वेळ होता. मग डिझाइनवाल्या साहेबांनी शक्कल लढवली. दांडा सरळ जाड प्लेटमधून कापून काढायचा.

"अहो, तंतू मध्येच कापले जातायत," मावशी म्हणाली. "आणि हा आतला कोपरा बघा. चक्क काटकोन! भेग इथूनच सुरू होणार."

"मॅडम, तुम्हाला जिथे तिथे भेगाच दिसतात," साहेब हसले.

शनिवारी तिने नमुन्यांवर आकडे ठोकले. आकड्यांचे ठसे तिचे स्वतःचे, कायम पर्समध्ये असायचे. त्यातल्या चारचा एक पाय तुटलेला होता, म्हणून तो लंगडा उमटायचा. नवा ठसा तिने मुद्दामच घेतला नव्हता. कोणी अदलाबदल केली तर लगेच ओळखू यावी! एक नंबरचा दांडा तिने यंत्रावर चढवला, बाकीचे कपाटात ठेवले आणि कुलूप लावून ती घरी गेली.

रविवारी यंत्र बघायला आली, तर वीज गेलेली.

यंत्र गप्प. पंखे गप्प. पहारेकरी लांब फाटकाशी. आत ती एकटीच.

टिक...

उन्हाने छपराचा पत्रा वाजला असेल, असं तिला वाटलं.

टिक...

आवाज वरून येत नव्हता. कपाटातून येत होता.

तिने किल्ली काढली. कुलूप जसंच्या तसं होतं. दार उघडलं आणि...

चार नंबरच्या दांड्याचे दोन तुकडे झाले होते. बरोब्बर त्या काटकोनातून.

तिने एक तुकडा उचलला. तो कोमट लागला. तुटलेल्या तोंडावर एकात एक रेघा होत्या, तळं आटताना काठावर उमटतात तशा. आतल्या रेघा काळपट, वंगण आणि धूळ मुरलेल्या. शेवटचा पट्टा तेवढा चकचकीत, आत्ता तुटल्यासारखा. असं तोंड कधी दिसतं, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. वर्षानुवर्षं रस्त्यावर राबलेल्या दांड्याचं.

आणि हा दांडा शुक्रवारी तयार झालेला!

कोणीतरी चावटपणा केलाय, तिने ठरवलं. दुसरी किल्ली स्टोअरकीपरकडे असायची. तिने त्याला फोन लावला आणि झापायला सुरुवात केली.

"मॅडम, चार नंबर कपाटात कसा असेल?" तो गोंधळला. "काल तुम्ही गेल्यावर मीच तो काढून बस डेपोत पाठवला. साहेब म्हणाले, नुसता बसतोय का ते बघायचंय."

"मग माझ्या हातात काय आहे?"



"मॅडम, बरं वाटत नाहीये का?"

तिने डेपोत फोन केला. मिस्त्री खुशीत होता. "झकास बसला की! म्हणून गाडी तशीच सोडली. तुमच्या मिस्टरांचीच गाडी आहे."

मावशीने लगेच काकांचा नंबर फिरवला. काका बस चालवतात, आणि त्यांचा रस्ता डोंगरातला होता. पुढे सगळी उतरण आणि वळणं.

फोन लागेना. पुन्हा लावला. लागेना.

शेवटी एकदाची रिंग वाजली.

"अहो, गाडी थांबवा!"

"अगं, प्रवासी आहेत गाडीत. झालं काय?"

"थांबवा म्हणते ना!" आणि ती रडायला लागली. इतक्या वर्षांत काकांनी तिला रडताना ऐकलं नव्हतं. त्यांनी गाडी बाजूला घेतली. उतरण तिथून अगदी जवळ होती.

मिस्त्री मावशीला घेऊन तिथे गेला आणि त्याने दांडा काढला. अखंड. साधा ओरखडाही नव्हता.

"उगाच घाबरलात, वहिनी," तो म्हणाला.

मावशीने दांडा उलटा केला...

लंगडा चार.

सोमवारी तिने दोन्ही दांडे साहेबांच्या टेबलावर ठेवले. साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "ठसा तुमचाच ना?"

"माझाच. पण चार मी एकदाच ठोकलाय."

साहेबांनी तुटलेल्या तोंडावरून बोट फिरवलं आणि झटकन हात मागे घेतला. "हे अजून गरम कसं?"

त्याच दिवशी प्लेट कापायचं काम बंद झालं. काकांच्या गाडीला जुना, ठोकून घडवलेला दांडा लागला. दोन्ही चार मावशीने घरी आणले आणि कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवले. काकांना उशीर झाला की ती अखंड चार काढते आणि कोपऱ्यात नख फिरवते. भेग असेल तर नख अडकतं.

काल संध्याकाळी मी तिच्याकडे होतो.

"तू बघ रे जरा. माझी नखं कापलीत."

मी नख फिरवलं. गुळगुळीत... गुळगुळीत...

अडकलं.

"काही नाही गं मावशी," मी म्हणालो.

तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि फोन उचलला. "अहो, असाल तिथे थांबा."

काका थांबले. मिस्त्रीने गाडी खालून वरून तपासली. काहीच सापडलं नाही. सगळे हसले.

आज सकाळी काका पुन्हा त्याच गाडीवर गेलेत. मावशी कामावर आहे. जाताना दांडा माझ्याकडे देऊन गेली. आत्ता तो समोर टेबलावर आहे, आणि लिहिता लिहिता मी मधूनच कोपऱ्यात नख फिरवतोय.

भेग कालच्यापेक्षा लांब आहे.

आणि काकांचा फोन लागत नाहीये.