सहा बावन्नची नोंद

आमच्या वस्तीचे सेक्रेटरी भीमराजकाका. त्यांनी एकच काम दोघांना सांगून ठेवलंय, हे मला आरेतल्या बसस्टॉपवर कळलं. बाकावर एक मुलगा लॅपटॉप घेऊन बसला होता आणि त्याच्या स्क्रीनवर माझंच ॲप होतं! बिबट्या दिसला की नोंद करायची, म्हणजे पायी येणारे थांबतील.

"हे तर मी बनवतेय."

"मग मी काय करतोय?" तो हसला. गालाला खळी पडली, आणि माझा राग निम्मा उतरला.

हा सम्यक, आरेतल्याच पलीकडच्या युनिटमधला, म्हणजे शेजारच्या वस्तीतला. लो-कोडवाला... तयार ठोकळे ओढायचे, जोडायचे. त्याला पंधरा दिवस लागले. मी एआयला मराठीत चार ओळी सांगितल्या, चहा निवायच्या आत ॲप हजर. तरी मी रोज त्या बाकावर जायचे. का, ते विचारू नका! माझी आई कामावरून तिथेच उतरायची आणि झाडीतल्या रस्त्याने चालत घरी यायची. या आगाऊने तिच्याही फोनवर आपलं ॲप टाकून दिलं.

मीटिंगमध्ये काका एक ॲप निवडणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोन्ही ॲप तपासायला त्याच रस्त्याने निघालो. सातविणीच्या फुलांचा उग्र वास सुटला होता. तबेल्यातल्या म्हशी एकदम गप्प झाल्या. माझा फोन थरथरला... पुढच्या वळणावर लाल ठिपका.

"कोणी कळवलं?" सम्यकचा नकाशा कोरा होता.

कळवणारी : जया. वेळ : ६.५२.

जया म्हणजे मीच, आणि घड्याळात तर सहा सत्तेचाळीसच झाले होते. मी फोन त्याच्यापुढे धरला.

"मी काही केलं नाही रे..."

"सॅम्पल असेल. एआय भरून ठेवतं ना असं काहीबाही."

"असेल... पण थांबू या?"

"थांबू. भीती वाटत असेल तर हात—"

"मला की तुला?"

"मला, यार. वाट लागलीय."

मी त्याचा हात धरला. त्या पाच मिनिटांत धडधड भीतीची किती आणि त्याची किती, मला सांगता येणार नाही.

बरोबर सहा बावन्नला बिबट्या वळणावर आला. त्याने थांबून आमच्याकडे बघितलं आणि तो झाडीत शिरला. माझ्या ॲपमध्ये नोंद आधीच होती. मी सम्यकच्या ॲपमध्ये केली. लगेच आईचा फोन, "सम्यकच्या ॲपवर बिबट्या दिसला, स्टॉपवरच थांबलेय गं. तू कुठेयस?" मला रडूच आलं.

तेवढ्यात माझ्या फोनवर नवी ओळ उमटली. कळवणारा : सम्यक. वेळ : ७.००. 'जयाला—'

मी पुढचं वाचलं नाही. ॲपच काढून टाकलं.

"काय होतं गं?"

"तुझं नाव. काकांना तुझंच ॲप सांगू. माणसाने कळवल्याशिवाय त्यात काही येत नाही."

"आणि माझ्या नावापुढे?"

"ते तू सांग. स्वतःच्या तोंडाने."

तो जरा घुटमळला. "जया... तू आवडतेस मला. खूप."

मी घड्याळ बघितलं. सात वाजायला अजून तीन मिनिटं होती.

"मलाही," मी म्हटलं.