मग दुखतंय कुणाचं?

पोरांनो, दार ओढून घ्या आणि भिंतीकडे सरकून बसा. भुताची गोष्ट हवी म्हणालात. मला ती नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. आयुष्यभर मुलांना संख्याशास्त्र शिकवलं, पुरावा असेल तेवढंच बोला म्हणून दटावलं, आणि आता मीच हे सांगायला बसलोय. पण हे घडलं माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत, आणि तेव्हा मी तिथे होतो. तुमच्या आत्याआजीला विचारायला जाऊ नका. ती कबूल करायची नाही.

तेव्हा ती तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायची. टेबलावर कापडाचे थर अंथरायचे आणि उभ्या पात्याच्या मशीनने सगळे एकदम कापायचे. हात स्थिर लागतो. आणि हिचं डोकं दुखायचं. रोज. डाव्या भुवईच्या वर, आतून कुणीतरी अंगठा रोवून बसल्यासारखं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा दिला. दातांच्या डॉक्टरांनी अक्कलदाढ काढली. दाढ गेली, दुखणं जागेवर. एकाने चहा बंद केला, तर दुसरा म्हणाला, "चहा कशाला सोडलात? त्यानेच दुखत असेल." उशी बदलली, केस कापले, खोलीतला दिवासुद्धा बदलला. जाऊ तिथे तीच बाकडी, कोपऱ्यात तोच आवाज बंद केलेला टीव्ही, आणि शेवटी तेच वाक्य.

"बाई, रिपोर्ट नॉर्मल आहेत. तुम्हाला काहीही झालेलं नाही."

"मग दुखतंय कुणाचं?" ती विचारायची.

डॉक्टर हसायचे. टेन्शन घेऊ नका म्हणायचे. ती बाहेर येऊन चप्पल अशी आपटायची की रांगेतल्या बायका दचकायच्या.

एकदा डोकं उठलेलं असतानाच तिचा हात हलला आणि पात्याने बोटाचं नख नेलं. मालकांनी सरळच सांगितलं, आजाराचं नाव लिहून आणा, नाहीतर हे टेबल सोडा आणि बटणं लावायला बसा. वर हेही ऐकवलं, "डोकं कुणाचं दुखत नाही?"

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "दादा, काहीतरी निघू दे रे. गाठ निघाली तरी चालेल."

"असं बोलू नये गं."

"तुझं दुखत नाही ना? मग तू गप्प बस. एवढी कपाटभर पुस्तकं वाचलीस, एक नाव सापडत नाही तुला?"

शेवटचा उपाय म्हणून डोक्याचा एमआरआय करायचं ठरलं. दिवसाची वेळ मिळायला महिना लागला असता, म्हणून रात्रीची घेतली. नोव्हेंबरमधला दुसरा शुक्रवार, रात्री सव्वाअकरा. अमावास्या वगैरे काही नव्हती, बाहेर छान चांदणं होतं. तिच्या नवऱ्याची रात्रपाळी, म्हणून सोबत मी गेलो.

सेंटर एका इमारतीच्या तळघरात होतं. फिनेलचा वास, लांब बोळ, आणि सगळ्या जागेत एकटा टेक्निशियन. आम्ही त्याचे शेवटचे पेशंट. बिचारा जांभया देत होता. त्याने तिला अंगावरचं धातूचं सगळं काढायला लावलं. कानातलं माझ्या हातात देताना ती म्हणाली, "घेऊन पळू नकोस हं." मग तिला फळीवर झोपवलं, कानांत बोळे घातले आणि चेहऱ्यावर प्लास्टिकची जाळी बसवली. त्या जाळीला डोळ्यांपुरती खिडकी होती, कपाळावर रुंद पट्टी. ती बसवेपर्यंत मी शेजारीच उभा होतो.

फळी आत सरकली. आम्ही काचेच्या अलीकडे येऊन बसलो. तिथून तिचे फक्त पाय आणि उजवा हात दिसत होता. यंत्र ठोकल्यासारखा आवाज करायला लागलं.

बऱ्याच वेळाने टेक्निशियन खुर्चीत ताठ झाला.

"अरेच्चा."

"काय झालं?"

"फुगा द्यायचा राहिला." त्याने काचेतून बोट दाखवलं. बीपी बघताना दाबतात तसा एक रबरी फुगा यंत्राच्या कडेला, हुकावर लटकत होता. "आत भीती वाटली तर पेशंट तो दाबतो. इथे घंटा वाजते. घाईत विसरलो बघा. असू दे, संपतच आलंय."

मी तिच्या हाताकडे पाहिलं.

हात दाबत होता.

मूठ मिटायची. सुटायची. पुन्हा मिटायची. पण पुरती मिटत नव्हती. बोटं आणि तळव्याच्या मध्ये जागा राहत होती... काहीतरी धरल्यावर राहते तेवढी.

"त्यांच्या हातात काय आहे?" टेक्निशियनने हळूच विचारलं.

"आजोबा, काय होतं हातात?"

काही नव्हतं. दिवा होता, मला स्वच्छ दिसत होतं. काही नव्हतं.

त्याने यंत्र बंद केलं. एकदम शांत झालं. आम्ही आत गेलो. फळी बाहेर आली. जाळीच्या खिडकीतून तिचे डोळे आमच्याकडे संतापून बघत होते.

"केव्हाची दाबतेय! बहिरे आहात का दोघे?"

"काय दाबत होतात, ताई?"

"फुगा! तुम्हीच दिलात ना हातात. आत गेल्यावर."

टेक्निशियन हुकाकडे बघत होता.

"मी... नाही दिला."

तिने हात वर केला. उघडून पाहिला. बराच वेळ पाहत राहिली.

"मऊ होता," ती म्हणाली. "ऊबदार. आणि मी दाबला की..."

"की काय?"

"तोही दाबायचा."

टेक्निशियन दोन पावलं मागे सरकला.

"दादा."

"काय गं?"

"थांबलंय."

"काय थांबलंय?"

"डोकं."

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तुम्ही विचारत बसणार नाही. ते डोकं पुन्हा कधी दुखलं नाही. रिपोर्ट आला तो नॉर्मल. मालकांनी नाव मागितलं तर म्हणाली, "आता दुखत नाही, त्याला काय म्हणतात ते तुम्हीच सांगा." टेबल तिच्याकडेच राहिलं. पण कारण सापडलं नाही ते नाहीच, आणि त्याचा राग तिला अजून आहे. रागच म्हणते ती. मला... वेगळं वाटतं.

कारण जाळी काढायची बाकी होती.

टेक्निशियन पुढे येईना. मीच खटका दाबला. जाळी उचलली.

तिच्या कपाळावर कापडाची घडी होती.

पांढरी. ओली.

"हे... मी नाही ठेवलं," तो मागून म्हणाला.

जाळी बसवली तेव्हा कपाळ मोकळं होतं. मी पाहिलं होतं. पाहिलं होतं... असंच मला वाटतं.

तिने डोळे मिटून घेतले होते. "असू दे रे," पुटपुटली. "काढू नकोस."

मी घडीला हात लावला.

वरची बाजू गरम होती.

हळूच उचलली. कपाळाला टेकलेली बाजू... गार.

नुकतीच कुणीतरी ती उलटली होती.