दुखण्याच्या रकान्यात शून्य

२०१९ सालची गोष्ट. मी सत्तरी ओलांडलेली बाई. या वयात खोटं रचून मला काही मिळायचं नाही. भिलाईला, सेक्टर ६ च्या आमच्या क्वार्टरमध्ये, भर दुपारी मी आणि माझ्या नातीने जे ऐकलं तेच लिहिते आहे.

माझे यजमान टिकाराम. साखरेच्या आजारात त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला होता. नात भूमिका इंजिनिअरिंगला. त्या उन्हाळ्यात तिला कॉलेजात संशोधनाचं काम मिळालं. स्वस्त कृत्रिम पाय तयार करायचा, कोणाला तरी बसवायचा आणि महिनाभर नोंदी ठेवायच्या.

तिने तो तिच्या आबाजींनाच, म्हणजे यांनाच बसवला.

"आता रुआबांधा सेक्टरापर्यंत पैदल जातो, तुह्या आजीले मागं टाकून," ते तिला म्हणाले.

"पहिले संडासापर्यंत तर जा," मी म्हटलं.

तिने एक फॉर्म दिला होता. रोज संध्याकाळी पाय काढायचा, कातडी बघायची, दुखणं शून्य ते दहात लिहायचं. ते सांगायचे, मी लिहायची.

तिसऱ्या आठवड्यात कातडी सोलवटली...

"शून्य लिही," ते म्हणाले.

"अहो, रक्त येऊन राहिलं."

"पोरीचं पहिलं काम हाय, रुक्मा. आठ दिवस तर राहिले. तिले सांगू नोको."

मी शून्य लिहिलं.

आठही दिवस लिहिलं.

कॉलेजात तपासणीला नेलं की तिच्या सरांपुढे ते दात आवळून सरळ चालायचे. घरी, भूमिका नसताना, लंगडायचे.

जखम चिघळली. जूनमध्ये ते गेले.

भूमिकेला मी सांगितलं, जखम दोन दिवसांतलीच होती.

त्यांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि भूमिका स्वयंपाकघरात बसलो होतो. दुपारचे तीन. लाइट गेलेली, कूलर बंद. तो पाय कॉलेजच्या कपाटात, कुलपात होता.

टक...

मधल्या खोलीतून.

टक...

मला वाटलं, माझ्याच मनाचे खेळ. पण भूमिकेनेही मान वर केली. डोळे मिटले. महिनाभर तिने त्या पायाची चाल ऐकली होती, मोजली होती.

"आजी... आबाजी आहेत."

मी तिचा हात धरला. ती ऐकतच होती.

"पण हे असे नव्हते चालत. डावा पाय टेकला की लगेच उचलून राहिले. जिसको दर्द होता है ना, वो ऐसे चलता है."

आवाज उंबरठ्यापर्यंत आला.

दार उघडंच होतं. दारात कोणी नव्हतं...

"आजी, सच बता. आबाजीले दुखत होतं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं.

ती रडली नाही. उंबरठ्यापुढे जाऊन जमिनीवर बसली. रिकाम्या जागेकडे हात पुढे करून, पाय बसवताना बोलायची तशी हळू बोलली.

"आबाजी, काढून टाका आता. मी नाही रागावत."

आवाज थांबला.

सरांनी तिचं काम नावाजलं. तरी तिने स्वतः जाऊन ती आठ शून्यं खोडायला लावली. आता ती रायपूरला पाय बसवायच्या केंद्रात आहे. पेशंटला दुखणं विचारताना त्याच्या घरच्यांना खोलीबाहेर काढते. माझा मुलगा नरेश अजून इथल्या स्टील प्लांटमध्येच आहे. त्याला यातलं काही माहीत नाही.

मी त्याच क्वार्टरमध्ये राहते.

आवाज त्या दिवशी उंबरठ्यावर थांबला. परत गेल्याचा मात्र आला नाही...

मेल्यावर तरी माणसाचं दुखणं थांबायला हवं होतं.