पहिल्या शनिवारचा लॅपटॉप

आमच्या हार्लिंगेन गावच्या बंदरावर एप्रिलमध्ये गारा पडतात, त्या कुणाला विचारून पडत नाहीत. अकरा वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी मी नवा लॅपटॉप घ्यायला निघाले होते. जुना कापडी पिशवीत होता, त्यातलं सगळं नव्यात भरून घ्यायचं म्हणून. पुलावर पोचले आणि टपाटप गारा सुरू. पिशवी छातीशी धरून मी समोरच्या सभागृहात शिरले.

तिथे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मोडक्या वस्तू दुरुस्त होतात, हे मला ठाऊक नव्हतं. दारात बसलेल्या आफ्के नावाच्या बाईने माझ्या हातात कॉफी आणि मोजून एक बिस्किट दिलं, पिशवीत डोकावलं आणि म्हणाली, "लॅपटॉप ना? हार्मेनकडे. खिडकीपाशी."

"अहो, मी फक्त गारा थांबेपर्यंत…"

"मग तिथे बसून थांबा."

हार्मेनने तीस वर्षं फेरीबोटींवरचे रेडिओ दुरुस्त केले होते. चष्मा कपाळावर, आवाज अगदी हळू.

"काय होतंय याला?"

"म्हातारा झालाय. चालू होईपर्यंत माझा एक कप चहा पिऊन होतो."

"म्हातारपण हा काही बिघाड नाही, बाई."

मी शिक्षिका आहे हे याला कसं कळलं? त्याने माझ्या बाहीवरच्या निळ्या रंगाकडे नुसतं पाहिलं.

"मी नवाच घेणार आहे," मी म्हणाले.

"घ्या की. पण आधी उघडून बघू. हा घ्या स्क्रूड्रायव्हर."

"मी उघडू?"

"इथला नियमच आहे. वस्तू ज्याची, हात त्याचे. मी नुसता शेजारी बसणार."

पहिला स्क्रू माझ्या हातून तीनदा निसटला. त्याने एकदाही स्क्रूड्रायव्हर माझ्याकडून घेतला नाही, की सुस्कारा सोडला नाही. मी तेव्हा चोवीस वर्षं सहा वर्षांच्या पोरांना वाचायला शिकवत होते. अडलेल्या मुलाच्या हातातली पेन्सिल काढून न घेणं किती कठीण असतं, ते मला विचारा. मी त्याच्याकडे नीट पाहिलं ते तेव्हा.

आतल्या पंख्यात धूळ होती… आणि सोनेरी चमकी.

"नाताळ आतच साजरा करता वाटतं?"

"वर्गातली आहे ती. हसू नका."

"मी कुठे हसतोय," तो हसत म्हणाला. मग चष्मा खाली आला. "तीन वाटा आहेत. नवा घ्या, मोकळ्या व्हाल. नुसता साफ करा, चालेल वर्षभर, पण ही डिस्क कधीही दगा देईल. नाहीतर नवी डिस्क आणि जास्तीची मेमरी घाला… पाच वर्षं हा कुठे जात नाही."

"यात माझ्या मुलांचे आवाज आहेत. प्रत्येकाने पहिलं पूर्ण वाक्य वाचलं, त्या दिवसाचे."

"खरं सांगायचं, तर ते नव्यातही जातील. निर्णय तुमचा."

गारा केव्हाच थांबल्या होत्या. "डिस्कच घालू," मी म्हणाले.

मे महिन्यात, हार्मेनच्या शेजारी बसून, ती मी स्वतः बसवली. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर जायला तीन तास लागले, आणि आम्ही पडद्यावरची रेघ सरकताना बघत बसलो. मध्येच मी त्याला एक आवाज ऐकवला. एक मुलगी शब्दावर अडखळते, पुन्हा मागे येते, आणि वाक्य संपल्यावर स्वतःच खुदकन हसते. "परत लावता?" त्याने विचारलं. मी चार वेळा लावला.

जूनमध्ये पंचाईत झाली. लॅपटॉप झटकन चालू व्हायला लागला. धड चालणारी वस्तू घेऊन तिथे कोण जाणार? आणि पुढे दोन महिने सभागृहाला सुट्टी. एक्कावन्नाव्या वर्षी "तुम्हालाच भेटायला आले" असं कसं म्हणतात, ते मला येत नव्हतं. शुक्रवारी मी तो उघडला आणि पंख्याची तार अलगद काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी हार्मेनने आत पाहिलं. बराच वेळ.

"ही तार आपोआप सुटत नाही."

"वय झालंय त्याचं…"

"आणि एकाही स्क्रूवर ओरखडा नाही. शिकलेल्या हाताचं काम आहे हे."

माझे कान तापले. खोटं बोलू नका, असं मुलांना रोज सांगणारी मी.

"मला वाटलं… सप्टेंबरपर्यंत तुम्ही दिसणार नाही," मी टेबलाकडे बघत पुटपुटले.

"हार्मेन, किती वेळ?" आफ्केने दारातून विचारलं. "इथे एक टोस्टर थांबलाय."

"थांबू दे त्याला." मग माझ्याकडे वळून, त्याहून हळू, "मागच्या वेळी ते काम तासाभरात झालं असतं. मी मुद्दाम जुनी, हळू चालणारी केबल लावली. नवी खिशात होती."

मी तार जागेवर बसवली.

"उद्या माझ्या बोटीवर जेवायला या," तो म्हणाला. "धुरी दिलेला मासा आहे."

"येताना काय मोडून आणू?"

"काहीच नको. नुसत्या या."

रविवारी पाणी अगदी शांत होतं. त्याने बोटीवर दोन ताटल्या मांडल्या होत्या, एक निळी, एक पांढरी, काठ उडालेली. जोडीच्या नव्या आणू या, असं आम्ही दर वर्षी म्हणतो… आणि दर वर्षी कुणीतरी एक जण विसरतं.