एक खण रिकामा

मी पुण्याहून गावी, मेडशीला आलेले; श्रावणाची झड लागलेली, वीज सकाळपासून गुल, आणि माझा लॅपटॉप आठ टक्क्यांवर. मी भिजत घरासमोरच्या रोपवाटिकेत घुसले. तिथे इन्व्हर्टरवर पंखा फिरत होता.

"चार्जर लावू का? बंद पडला तं माहं तीन दिवसांचं काम पान्यात."

ट्रेमध्ये मिरचीचं बी टाकणाऱ्या तरण्या मालकाने मान वर केली. "लावा ना, मॅडम."

"मॅडम काहून? मी पुंजाजीची वैजयंती."

"वळखलं... म्हनूनच मॅडम म्हनलं."

असा हा हरीओम. दुसऱ्या दिवशी वीज होती, तरी मी गेले. त्याने नुसतं स्टूल पुसून ठेवलं.

"काय पाहून राह्यली एवढं?" आठवड्याने तो 'तू'वर आला.

"अनूंचा ढग हाय. इतका थंड का सारे अनू एकासारखे वागतात. त्यात अशा लाटा उठतात, ज्या चालता चालता विस्कटत नाहीत. मी कॉम्प्युटरात दोघींची टक्कर लावते."

लाटा जवळ यायच्या, मधे बारीकशी फट राहायची, मग दूर व्हायच्या. आपटून माघारी फिरल्या, की एकमेकींतून आरपार गेल्या? दोघी अगदी सारख्या, त्यामुळे कळेचना. महिनाभर मी त्यातच डोकं फोडत होते.

"या दोन जातीची रोपं बी सारखीच दिसतात," तो म्हणाला. "मी एका जातीच्या ट्रेत एक खन रिकामा सोडतो. मंग वळखू येते."

मी लॅपटॉप पुढे ओढला. मग एका लाटेतले अणू थोडे कमी केले. धाकटी लाट थोरलीतून सरळ पलीकडे निघाली.

"आरपार गेल्या..." तो वाकून बघत होता. "म्हनजे भेटून काहीच झालं नाही?"

"रूप तेच राह्यते. फक्त जागा थोडी सरकते."

"मंग परत पयल्या जागी येते?"

"नाही."

संशोधनासाठी जर्मनीला जायचं तिकीट चार दिवस पिशवीत होतं. न सांगता निघून जाईन, आणि जन्मभर स्वतःवर चिडत राहीन, एवढीच धास्ती होती.

"हरीओम, मी सोमवारी जर्मनीले चालली. तीन वर्सं."

"मालूम हाय. गावात काय लपते?"

"मंग बोलला काहून नाही?"

"मी थांब म्हनलं असतं तं तू थांबली असती..." तो ट्रेतली माती सारखी करू लागला. "मले त्याचंच भेव होतं."

मला रडू फुटलं. आता कसली लाज? "माहा जीव जडला तुह्यावर," मी सांगून टाकलं.

"माहा बी," तो हळूच म्हणाला. आणि मग — "म्हनजे खरंच जाऊन राह्यली?"

जातेय म्हणायला आम्ही 'जाऊन राह्यली' म्हणतो, यावर पुण्याच्या मैत्रिणी मला हसायच्या. गेली की राहिली, एक काय ते सांग, म्हणायच्या.

मी त्याचा मातीने भरलेला हात धरला.

"हो," म्हटलं, "जाऊन राह्यली."