इलिचपुरी रुपया

अकोल्याच्या जठारपेठेत पौर्णिमा इंगोलेचं चष्म्याचं दुकान होतं. जीव मात्र दुकानामागच्या खोलीत, जुन्या नाण्यांत. नवरा गेल्यापासून आणि लेक आचल पुण्याला शिकायला गेल्यापासून तर ती खोलीच तिचं घर झाली होती.

मार्चमध्ये अचलपूरला पुंजाजी भांडेवाल्याकडे तिला एक चांदीचा रुपया मिळाला. मोडीत आलेल्या पैंजणांत तो अडकून आला होता. अचलपूर म्हणजे जुनं इलिचपूर, मोगलांच्या टाकसाळीचं गाव. नाणं इतकं घासलेलं, की गावाच्या नावातलं शेवटचं ‘पूर’ तेवढं फारसीत कसंबसं लागत होतं. वर जुन्या सराफांनी चांदी पारखताना मारलेले तीन बारीक ठसे. पण आपल्याच मातीत पाडलेलं नाणं! पुंजाजीनं सांगितला तो भाव तिनं मुकाट दिला आणि बसमध्ये अकोला येईपर्यंत पर्स छातीशी धरून बसली.

पुढच्याच रविवारी तिनं अमरावती गाठली. राजापेठेतल्या खुशालरावांनी एखाद्या नाण्याचा दर्जा सांगितला की वऱ्हाडात त्यावर कोणी वाद घालत नसे. त्यांनी रुपया तोलला, फोटो काढले, काठावरची केसासारखी चीर तिला दाखवली.

“लय घासलं हाये बाई. ‘फाइन’च्या वर दर्जा मी नाही देनार.”

“चालते काका. मले गावाचं नाव वाचता आलं असतं ना, तरी पुरे होतं.”

आणि ते वाचता येऊ लागलं.

आठवड्याभरात ‘पूर’च्या अलीकडे एक बाक उमटला, एखाद्या अक्षराची शेपटी असावी तसा. पौर्णिमेनं दिवा बदलला, भिंग पुसलं, दुकानातल्या मशीनवर स्वतःचे डोळे तपासून घेतले. नंबर होता तोच होता. मग एका सकाळी सराफाचा एक ठसा जागेवर नव्हता. बुजलेला नव्हता, पुसट झालेला नव्हता. तिथे कधी कोणी हातोडी उचललीच नसावी अशी सपाट चांदी.

एखादी घाबरली असती. पौर्णिमेच्या अंगावर आनंदाचा काटा आला. तिनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि एकटीच खदखदून हसली.

तेव्हापासून ती सकाळी चहाआधी रुपया हातात घ्यायची. आज काय नवीन? कधी एखादा नुक्ता, कधी वेलबुट्टीतलं पान. जुन्या चांदीचा काळपटपणा जाऊन मऊ दुधाळ चकाकी आली होती. अंजनगाव सुर्जीच्या पंजाबरावांना, पानमळे सांभाळून नाण्यांचा नाद करणाऱ्या त्या हौशी गड्याला, तिनं एक फोटो पाठवला. पाचव्या मिनिटाला फोन.

“ताई, बोला, काय घेता? मी आत्ता गाडी काहाडतो!”

“थांबा भाऊ,” ती म्हणाली, “अजून पिकून राहिलं ते.”

पंजाबराव हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

एप्रिलच्या शेवटी ती पुन्हा खुशालरावांकडे गेली. दार उघडून ते तिच्याकडे नुसते बघत राहिले.

“कोन पायजे?”

“काका, मी! पौर्णिमा.”

“अरे हो, हो. आवाजानं समजलं. उनानं डोळे दिपले माहे.”

नाण्यापुढे मात्र त्यांचे डोळे दिपले नाहीत. जुना फोटो शेजारी ठेवून त्यांनी बराच वेळ भिंग फिरवलं. काठावरची चीर तीच. नाणं तेच. मग त्यांनी ते तराजूत टाकलं, उचललं, पुन्हा टाकलं.

“चांदी वाढत नसते, पौर्णिमा.”

“पन वाढली ना!”

“तू हासून काहून राहिली?”

“मंग काय रडू? आपल्या इलिचपूरचा रुपया, काका! आत्ता टाकसाळीतून निघाल्यावानी! असा हाये का कोनाजवळ?”

खुशालरावांनी रुपया चिमट्यानं उचलून पाकिटात घातला. “मी याले दर्जा देनार नाही,” एवढंच ते म्हणाले, आणि मोरीत जाऊन साबणानं हात धुऊ लागले. ती चप्पल घालून बाहेर पडली तरी पाण्याचा आवाज चालूच होता.

मे महिन्यातली एक दुपार. रस्ता उन्हानं ओस पडलेला, कूलर घरघरत होता. पौर्णिमेनं रुपया भिंगाखाली धरला.

त्या काळी साचा नाण्याहून मोठा असे. ठोकताना काही अक्षरं काठाबाहेर पडत आणि चांदीवर ती कधीच उमटत नसत. या रुपयाच्या सनातला शेवटचा आकडा तसाच बाहेर राहिलेला होता.

आता तो आत होता.

त्याला जागा द्यायला काठ किंचित रुंदावला होता. चीर मिटली होती. सराफाचा शेवटचा ठसाही गेला होता.

रुपया कोमट लागत होता. कूलरच्या गार हवेत खोलीभर कोळशाचा वास भरला होता.

“इलिचपूर!” ती मोठ्यानं वाचून ओरडली. पोरीसारखी टाळी वाजवली. हे सुख एकटीच्या पोटात मावेना. तिनं आचलला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा रुपयावर धरला.

“पाह्य! दिसते का?”

“बापरे, आई! अक्षर न् अक्षर दिसून राहिलं. हे तेच घासलेलं?”

“तेच! तेच ते!”

“भारीच! आता तू ये बरं समोर. महिना झाला, तोंड नाही दाखवलं.”

पौर्णिमेनं हसत फोन आपल्याकडे वळवला.

आचलनं डोळे बारीक करून फोन तोंडाजवळ नेला.

“काय झालं वं? नेट गेलं का?”

“नाही. कॅमेरा पूस ना, आई.”

तिनं चष्मे पुसायच्या मऊ कापडानं कॅमेरा पुसला.

“पुसला. मांगचं कॅलेंडर दिसते का?”

“दिसते. तारखाबी वाचता येतात.” आचलचा आवाज बारीक झाला. “चष्मा तर एकदम साफ दिसून राहिला. पन चष्म्याच्या मांगं…”

“काय मांगं?”

“अजून एकदा पूस ना, आई.”